बाबांची दारेसलामची कॅसेट

बाबा टांझानियात दारेसलामला नोकरीला होते. तिथल्या रेडिओवरून भरलेली एक कॅसेट घरात होती, वर त्यांच्या अक्षरात फक्त ‘नुटा जॅझ’, तिथल्या एका बँडचं नाव. कंप्यूटरवर घेतली तर गायक घाईत, आवाज किरटे. गाणी ओळखणाऱ्या ॲपनेही हात टेकले.

उपाय सापडला तो कॅसेटमधल्या घूंऽऽ आवाजात. टांझानियातली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तनांची; रेकॉर्डिंग करताना तिची घरघरही त्याच कंपनसंख्येवर टेपवर उतरते. ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन गाण्यांमधला शांत तुकडा निवडून स्पेक्ट्रम (कुठल्या कंपनसंख्येचा आवाज किती, याचा आलेख) काढला, तर टोक ५२ वर! म्हणजे टेप ४ टक्के जोरात पळत होती. (प्लेअर बॅटरीवर चालवा, नाहीतर त्याचीच घरघर मोजत बसाल. मी बसलो होतो.) वेग ०.९६२ पट केला आणि गिटार, सॅक्सोफोन जागेवर आले.

मग शब्दही कळू लागले. एका गाण्यात गायक चक्क ‘जुवाता’ म्हणतो. १९६४ साली निघालेला नुटा जॅझ हा नुटा या कामगार संघटनेचा बँड. १९७८ साली संघटना जुवाता झाली, तसं बँडचंही नाव बदललं. म्हणजे हे गाणं त्यानंतरचं. बाबांच्या तोंडी जुनंच नाव राहिलं असणार. आपण नाही का अजून व्हीटी म्हणत?