भाचसुनेचं फ्रेंच मूळ जळगावात बसून कसं शोधायचं

जळगाव-भुसावळकडची पोरं कॅनडात गेली आणि सून तिकडचीच आली, असं आता बऱ्याच घरांत झालंय. माझी भाचसून माँट्रियलची, तिचे पूर्वज साडेतीनशे वर्षांपूर्वी फ्रान्सहून येऊन क्युबेकमधे वसलेले. हे सगळं घरबसल्या शोधता येतं, फ्रेंच येत नसलं तरी, म्हणून लिहितोय.

सुरुवात मूळ पुरुषापासून करू नका. आडनाव जुळलं की 1650 च्या कोणाला तरी पकडून बसतात लोकं, आणि मग सगळी वंशावळ दुसऱ्याच घराची निघते. सुनेपासून मागं जायचं, एकेक पिढी, आणि दर पिढीला लग्नाची नोंद शोधायची. जन्माची नंतर बघू. कारण तिकडच्या चर्चच्या लग्नाच्या नोंदीत नवरा-नवरी दोघांच्या आईबापाची नावं असतात, आईचं तर माहेरच्या आडनावासकट, म्हणजे एका कागदात दोन्ही घरांची मागची पिढी हाती लागते. बाईची नोंद तिकडं मरेपर्यंत माहेरच्याच नावाने व्हायची, आपल्याकडे पणजीचं माहेर शोधता शोधता जीव जातो.

फॅमिलीसर्च या वंशावळीच्या वेबसाईटवर अकाउंट काढा, फुकट आहे, क्युबेकच्या कॅथलिक चर्चची रजिस्टरं स्कॅन केलेली मिळतात. 1849 च्या आधीचं असेल तर माँट्रियल युनिव्हर्सिटीचा पीआरडीएच डेटाबेस बघा, तिथं माणसं कुटुंबवार जोडलेली आहेत, पैसे लागतात पण ते वसूल होतात.

अक्षर बघून घाबरू नका, मजकूर दरवेळी साधारण तोच असतो. एफ-आय-एल-एस दिसलं की पुढं नवऱ्याचे आईबाप, एफ-आय-एल-एल-ई दिसलं की नवरीचे. व्ही-ई-यू-व्ही-ई असेल तर नवरी विधवा, मग बऱ्याचदा आईबापाऐवजी वारलेल्या नवऱ्याचं नाव लिहिलेलं असतं, तिथं अडकू नका, तिचं पहिलं लग्न शोधा. तळाशी साक्षीदार बघायचेच, भाऊ, काका, मेहुणे तिथंच सापडतात.

खरी गोची आडनावाची. दोन आडनावांच्या मधे डी-आय-टी असं लिहिलेलं दिसेल, म्हणजे त्या घराला दोन नावं, आणि पुढच्या पिढ्या कुठलंही एक लावतात. मिव्हिल घराण्यातले कितीतरी जण पुढं देशेन झाले. आपल्या लेवा घरांत एक भाऊ पाटील लावतो आणि दुसरा भोळे नाहीतर नारखेडे, तसंच आहे हे. 1665 ला फ्रेंच सैन्याची कारिन्यां-सालिएर रेजिमेंट तिकडं आली, त्या सैनिकांची तर असली नावं भरपूर. त्यामुळे नोंद सापडली नाही की दुसऱ्या नावानं शोधा.

फ्रान्सहून आलेल्या पहिल्या माणसापर्यंत पोचलात की त्याच्या लग्नाच्या नोंदीत बहुतेक वेळा फ्रान्समधलं गाव सापडतं. बायको 1663 ते 1673 मधे आलेली असेल तर फ्रान्सच्या राजाने खर्च करून पाठवलेल्या साधारण 800 मुलींपैकी ती आहे का ते नक्की तपासा, त्यांच्यावर खूप काम झालंय. मग बघा राजाचा तिकडचा कारभारी जाँ तालों याने केलेली 1666 ची जनगणना, जेमतेम 3215 माणसं, नावासोबत वय आणि धंदाही. लग्नाचा करार नोटरीकडे झालेला असेल तर तो क्युबेकच्या सरकारी अर्काइव्हच्या साईटवर फुकट शोधता येतो, कोणी काय आणलं, काय देणार, सगळं त्यात, मला तर नोंदींपेक्षा हेच जास्त आवडतं. गाव कळलं की फ्रान्सच्या जिल्हा अर्काइव्हच्या साईटवर तिथली चर्चची रजिस्टरं, तीही फुकट.

दोन गोष्टी सांभाळा. क्युबेक शहरातलं चर्च 1640 ला जळालं आणि त्याआधीच्या नोंदी आठवणीतून परत लिहिल्या, तेव्हा त्या तारखांवर फार जोर देऊ नका. आणि नेटवरची तयार वंशावळ कॉपी करू नका, दर जोडीला मूळ कागद बघितल्याशिवाय नाव चढवायचं नाही.

हे झालं आईकडचं. नातवंडांसाठी बापाकडची बाजू पण लावायची असेल तर त्र्यंबकेश्वरला आपल्या गावाच्या उपाध्यांकडे जा, त्यांच्या वहीत बघायला गावाचं नाव आणि मूळ कूळ दोन्ही सांगा, नुसतं पाटील सांगून भागत नाही.