सीटीवरून हाडाचं मॉडेल: या चुका टाळा

ऑपरेशनआधी सर्जनना रुग्णाच्या हाडाचं थ्रीडी प्रिंट केलेलं मॉडेल लागतं, ते आम्ही सीटी स्कॅनवरून बनवतो. सीटीची सीडी हातात पडली की नवी पोरं थेट सॉफ्टवेअर उघडून चित्रांवर हाडाचा भाग रंगवून वेगळा करायला बसतात. मी आधी स्लाइसची, म्हणजे शरीराच्या आडव्या कापाच्या प्रत्येक चित्राची, जाडी बघतो. सीडीवर बरेचदा फिल्मसाठी काढलेली ५ मिमीची सिरीज असते. दोन स्लाइसमधलं हाड मग सॉफ्टवेअर अंदाजाने भरतं आणि मॉडेलला नाशिकच्या रामकुंडासारख्या पायऱ्या पडतात.

मागे निफाडकडच्या एका द्राक्षबागायतदाराच्या खुब्याची वाटी फुटली होती. सर्जनना ऑपरेशनआधीच प्लेट वाकवून हवी होती. सीडी नेमकी ५ मिमीची. आमच्या पोराने पायऱ्या लपवायला स्मूदिंग (पृष्ठभाग गुळगुळीत करणं) मारलं, तेही तीनदा. मॉडेल दिसायला झकास! सातपूरला रात्रभर प्रिंट चाललं. सकाळी मी व्हर्नियर लावला, तीच जागा सीटीवर मोजली, तर वाटीची कड जवळपास २ मिमी आत सरकलेली. फ्रॅक्चरची बारीक रेघ तर पार गायब. त्यावर वाकवलेली प्लेट हाडावर बसलीच नसती. स्कॅन सेंटरच्या मशीनवर बारीक स्लाइस अजून शिल्लक होत्या म्हणून निभावलं. जागा करायला त्या काही दिवसांत पुसतात. तेव्हापासून सीडी येते त्याच दिवशी फोन करतो: १ मिमी किंवा त्याहून बारीक, आणि कडा उठावदार करणारा फिल्टर नको.

दुसरं दुखणं थ्रेशोल्डचं, म्हणजे कुठल्या आकड्याच्या वरचं हाड धरायचं याचं. २२६ एचयू (सीटीवर घनता दाखवणारं एकक) हा तयार आकडा ठोकून मोकळं व्हायचं! सत्तरीच्या आजींचं ठिसूळ हाड त्यात जाळीदार दिसतं. आकडा खाली आणला की मांडीच्या हाडाचा गोळा आणि वाटी एकमेकांना चिकटतात. मी स्लाइसमागून स्लाइस हाताने खोडत बसतो. दोन तास जातात, जाऊ देत. एका बटणात सांधा सुटा करून देणाऱ्यांचं काम मी पुन्हा तपासतोच.

जुना रॉड किंवा स्क्रू असेल तर त्याभोवतीच्या चमकत्या रेघा हाड समजू नका.

भार पडल्यावर हाडात कुठे किती ताण येतो याचं गणित करताना सगळ्या हाडाला एकच कडकपणा देऊ नका. बाहेरचं कवच साधारण १७ गिगापास्कल, आतलं जाळीदार हाड त्याच्या कितीतरी खाली, टायटॅनियम ११०च्या आसपास. ताणाचं रंगीत चित्र चुकीच्या आकड्यावरही येतंच.

प्रिंटसाठी मॉडेलचा आकार ज्यात जातो त्या एसटीएल फाइलमध्ये एकक नसतं. मिमीची फाइल इंचांत उघडली तर हाड २५.४ पट होतं. ते निदान डोळ्यांना दिसतं. डावं-उजवं उलटलं तर दिसत नाही. म्हणून मी मॉडेलवरच ‘डावा’ किंवा ‘उजवा’ कोरतो. मागाहून कुणी फाइल मिरर केली, तर अक्षरंही उलटी छापली जातात.