रोजच्या खर्चाची नोंद कोणाकोणाकडे जाते, आणि ती आवरावी कशी

सुरुवात बँकेच्या ॲपपासून करावी. गेल्या तीन महिन्यांचे खात्याचे विवरण उतरवून घ्यावे आणि ते आपले नसून कोणा अनोळखी माणसाचे आहे असे समजून सावकाश वाचावे. यूपीआयच्या प्रत्येक ओळीत तारीख, बारा आकडी संदर्भ क्रमांक, पैसे घेणाऱ्याचे नाव, बहुतेक वेळा त्याचा यूपीआय आयडी आणि आपण शेरा लिहिला असेल तर तोही असतो. एकटी ओळ फारसे काही सांगत नाही; नव्वद दिवसांच्या ओळी एकाखाली एक आल्या की मात्र घरात दूध कोणत्या दिवशी घेतले नाही, म्हणजे घर केव्हा बंद होते, रक्ततपासणी कधी झाली आणि त्यानंतर औषधांच्या दुकानाचा कोणता खर्च दरमहा सुरू झाला, हे सगळे वाचता येते. पूर्वी वाण्याच्या उधारीच्या वहीतही आपला महिना लिहिलेला असे, पण ती वही दुकानाच्या गल्ल्यापाशीच राहत असे आणि शेजारच्या डॉक्टरांची किंवा गावच्या एसटीची नोंद तिच्यात नसे.

वाचताना पेन्सिल हाती ठेवावी आणि जी ओळ भलत्या माणसाने वाचलेली आपल्याला रुचणार नाही तिच्यापुढे खूण करावी. हा भलता माणूस काल्पनिक नसतो. गृहकर्जासाठी साधारण सहा महिन्यांचे विवरण बँकेला द्यावे लागते, परदेशी व्हिसाच्या अर्जाला ते जोडावे लागते, कर सल्लागाराकडे ते जातेच, आणि संयुक्त खाते असेल तर घरातले दुसरे खातेदारही ते पाहतात. माझ्या मते बहुतेकांच्या विवरणात अशा खुणा थोड्याच पडतील, कारण भाजी, रिक्षा, चहा आणि विजेचे बिल यांत लपवण्याजोगे काही नसते. तेव्हा सगळे व्यवहार रोखीने करण्याचा संकल्प करू नये, कारण तो आठवडाभरही टिकत नाही. खूण केलेल्या ओळींपुरता मार्ग शोधावा आणि उरलेल्यांत सोय खुशाल घ्यावी.

एक गोष्ट आधीच स्पष्ट असावी. ही रीत कर चुकवण्याची नव्हे आणि त्या कामी ती उपयोगीही पडणार नाही. क्रेडिट कार्डाची मोठी बिले आणि बँकेत भरलेली मोठी रोकड यांची माहिती प्राप्तिकर विभागाच्या वार्षिक माहिती विवरणात येते, आणि चालू स्थितीतली सर्व बँक खाती कर विवरणपत्रात दाखवावी लागतात.

फोनवरच्या पैशांची मांडणी

सर्वांत जास्त फरक पडतो तो रोजच्या खर्चासाठी वेगळे खाते ठेवल्याने. पगार, कर्जाचे हप्ते आणि विमा ज्या खात्यातून जातात ते खाते यूपीआयला जोडूच नये. दुसऱ्या बँकेत किमान शिलकीची फारशी अट नसलेले बचत खाते उघडावे, महिन्याच्या पहिल्या तारखेला घरखर्चाची ठरलेली रक्कम तिथे वळती करावी आणि यूपीआय फक्त त्याच खात्याला जोडावे. त्यामुळे मुख्य खात्याच्या विवरणात घरखर्चाची महिन्याला एकच ओळ उमटते. कर्ज देणाऱ्या बँकेने सर्व खात्यांची विवरणे मागितली तर दुसरेही द्यावेच लागेल, पण बहुतेक कामांना पगाराच्या खात्याचे विवरण पुरते. फोन चोरीला गेला किंवा फसवणूक झाली तर सगळी शिल्लक पणाला लागत नाही, हा फायदा वेगळाच.

दुसरा उपाय म्हणजे यूपीआय लाइट. ॲपमध्येच एक छोटी थैली तयार होते, तिच्यात जास्तीत जास्त 5,000 रुपये ठेवता येतात आणि 1,000 रुपयांपर्यंतचा व्यवहार पिनशिवाय होतो. खात्याच्या विवरणात थैली भरल्याची ओळ येते, तिच्यातून कुठे कुठे खर्च झाला त्या ओळी येत नाहीत. मात्र हा पडदा विवरण वाचणाऱ्यापुरताच आहे. बँक आणि ॲप चालवणारी कंपनी यांच्याकडे प्रत्येक व्यवहाराची नोंद असतेच. पिन लागत नसल्यामुळे उघडा फोन दुसऱ्याच्या हाती पडला तर थैलीतले पैसे जाऊ शकतात, म्हणून ती नेहमी काठोकाठ भरून ठेवू नये.

मग यूपीआय आयडी पाहावा. अनेकांचा आयडी हा त्यांचा मोबाईल नंबरच असतो, आणि खाते सुरू करताना ॲपने आपणहून तो तसा दिलेला असतो. बऱ्याच ॲपांत दुसरा आयडी तयार करता येतो. तो नंबराशिवायचा घ्यावा आणि तोच मुख्य म्हणून ठेवावा. अनोळखी माणसाकडून जुनी सायकल किंवा कपाट घेताना दिलेल्या पैशांबरोबर आपला नंबर त्याच्याकडे कशाला जावा?

शेऱ्याच्या रकान्याकडे कोणी लक्ष देत नाही. ‘डॉक्टर फी’, ‘भिशी जुलै’, ‘वकील ॲडव्हान्स’ असे आपण हौसेने लिहितो. ते समोरच्याला दिसते आणि विवरणातही राहते. गंमत अशी की, टपरीवाल्याचा क्यूआर पुष्कळदा त्याच्या स्वतःच्या नावावर असतो, त्यामुळे नुसत्या नावावरून तो खर्च चहाचा की आणखी कशाचा हे परक्याला कळत नाही. ते आपण शेऱ्यात लिहून सांगतो. रकाना कोरा ठेवावा, आणि हिशेबासाठी नोंद हवीच असेल तर ती स्वतःच्या वहीत करावी.

ॲपला दिलेल्या परवानग्या फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन तपासाव्यात. खर्चाचा हिशेब आपोआप ठेवून देणारी अनेक ॲपे एसएमएस वाचूनच तो हिशेब जमवतात, आणि बँकेचे एसएमएस वाचण्याची परवानगी म्हणजे वरचे सगळे विवरण पुन्हा एकदा तिसऱ्याच्या हवाली करणे होय. माझे मत विचाराल तर ही सोय त्या किमतीची नाही. कर्ज देणाऱ्या ॲपांबाबत रिझर्व्ह बँकेने 2022 मध्येच नियम घालून दिला आहे की, त्यांनी ग्राहकाच्या फोनमधील संपर्कयादी, कॉलची यादी आणि फाइली यांत शिरू नये. जे ॲप कर्जासाठी संपर्कयादी मागेल ते त्याच क्षणी काढून टाकावे. जाता जाता, लॉक असलेल्या स्क्रीनवर बँकेचा संदेश अक्षरशः दिसू नये एवढी सोयही करून ठेवावी; कार्यालयात टेबलावर पडलेला फोन शेजाऱ्याला बरेच काही सांगतो.

काउंटरवर

“मॅडम, मोबाईल नंबर?” या प्रश्नाला आपण विचार न करता उत्तर देतो, तेही मागच्या रांगेला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. ग्राहक व्यवहार मंत्रालयाने मे 2023 मध्ये किरकोळ विक्रेत्यांना कळवले होते की, नंबर दिल्याशिवाय बिल न करणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. तेव्हा “नंबर नाही देणार, कागदी बिल द्या” एवढे शांतपणे म्हणावे. काउंटरवरच्या मुलाशी हुज्जत घालू नये, कारण त्याची मशीन दहा आकडे घेतल्याशिवाय पुढे सरकत नसते आणि नियम त्याने केलेला नसतो. बहुतेक ठिकाणी दुकानाचाच एखादा नंबर टाकून बिल निघते. दुकान अडूनच बसले तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते.

नंबराच्या बदल्यात काय मिळते, याचा हिशेब एकदा तरी मांडावा. समजा, शंभर रुपयांच्या खरेदीला एक पॉइंट मिळतो आणि पॉइंटची किंमत पंचवीस पैसे आहे. महिन्याला सहा हजारांचा किराणा भरणाऱ्याला त्यातून पंधरा रुपये मिळतात. एवढ्यासाठी आपल्या घरात साबण कोणता, मुलांना खाऊ कोणता आणि घरी बाळ आले केव्हा, याची वर्षानुवर्षांची यादी एका नावावर जमा होते. काहींना हा सौदा मान्य असेल आणि त्यात गैर काहीच नाही, पण औषधांच्या दुकानात मी तो कोणालाही सुचवणार नाही, कारण तिथे सवलतीच्या बदल्यात नंबराला आजार चिकटतो. उलट फ्रिज, मिक्सर किंवा मोबाईल घेताना नंबर अवश्य द्यावा. वॉरंटीच्या वेळी तोच उपयोगी पडतो. नंबर न देता घेतलेल्या कागदी बिलाचा फोटो मात्र त्याच दिवशी काढावा, कारण त्या कागदावरची अक्षरे काही महिन्यांत उडतात.

घरातल्या घरात

खासगीपण म्हटले की आपल्याला कंपन्या आठवतात, पण खर्चाची नोंद सर्वांत आधी वाचली जाते ती घरात. 2024 मध्ये आलेल्या यूपीआय सर्कलमुळे एकाच्या खात्यातून दुसऱ्याला पैसे देता येतात. गावी राहणारे आईवडील किंवा वसतिगृहातली मुलगी यांच्यासाठी ती खरोखर उपयोगाची सोय आहे. परंतु त्यात प्रत्येक खर्च खातेदाराच्या फोनवर दिसतो, म्हणजे मधुमेही आजोबांनी कोपऱ्यावर घेतलेल्या जिलबीची वर्दी पुण्यातल्या मुलाला जागच्या जागी मिळते. आजोबांना हे सोय सुरू करण्याआधी सांगितले पाहिजे. ज्यांना स्वतःचे खाते चालवता येते त्यांच्या खात्यात महिन्याची रक्कम एकदम पाठवावी आणि तिचा जाब मागू नये, हे अधिक बरे. घरातल्या बाईच्या बँक खात्याला नवऱ्याचा किंवा मुलाचा नंबर जोडलेला असेल तर तो बदलून तिचा स्वतःचा जोडावा, कारण तोवर तिच्या प्रत्येक रुपयाचा संदेश दुसऱ्याच्या फोनवर जात राहतो.

खूण केलेल्या ओळींपैकी ज्या अगदीच खासगी असतील त्यांना रोखीशिवाय चांगला पर्याय नाही. स्वतःच्या बँकेच्या एटीएममधून महिन्याला पाच व्यवहार मोफत असतात, तेवढे पुरेसे आहेत. एकदा काढलेली रक्कम दोन पाकिटांत विभागून ठेवली की ऐनवेळी धावपळ होत नाही. लोकलचे तिकीटही खिडकीवर रोखीने घेता येते. टोलनाक्यावर मात्र हा मार्ग उरलेला नाही, कारण फेब्रुवारी 2021 पासून राष्ट्रीय महामार्गांवर फास्टॅग सक्तीचा झाला आणि तो नसलेल्या गाडीला दुप्पट टोल बसू लागला. तिथे सोय मुकाट्याने घ्यावी, पण गाडी विकताना फास्टॅग बंद करण्यास विसरू नये. नाहीतर नवा मालक पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर खालापूरला केव्हा पोहोचला हे आपल्याला कळत राहते आणि पैसेही आपलेच कापले जातात.

जुन्या संमती मागे घेणे

शेवटचे काम वर्षातून एकदा करण्याचे आहे. कर्ज किंवा गुंतवणुकीसाठी अकाउंट ॲग्रिगेटरमार्फत, म्हणजे आपल्या संमतीने बँकेतली माहिती दुसऱ्या संस्थेकडे पोहोचवणाऱ्या मध्यस्थ कंपनीमार्फत, बँकेची माहिती दिली असेल, तर त्या ॲपमध्ये संमतीची यादी उघडावी. प्रत्येक संमतीपुढे तिचा हेतू, मुदत आणि माहिती किती वेळा घेतली जाईल हे लिहिलेले असते. काम संपूनही एखादी संमती चालू असेल तर ती तिथूनच रद्द करता येते. ऑक्टोबर 2022 पासून ऑनलाइन दुकानांना कार्डाचा क्रमांक साठवता येत नाही, त्याऐवजी टोकन, म्हणजे कार्डाच्या क्रमांकाच्या जागी वापरायचा पर्यायी संकेतांक, असते. कोणत्या दुकानाकडे आपल्या कार्डाचे टोकन आहे हे कार्ड देणाऱ्या बँकेच्या संकेतस्थळावर किंवा ॲपमध्ये पाहून नको असलेली टोकने काढून टाकावीत. वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षणाचा कायदा 2023 मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले; कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या मात्र त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. या कायद्यात दिलेली संमती मागे घेण्याचा आणि माहिती पुसून टाकण्यास सांगण्याचा हक्क आहे. तोवरही दुकानाच्या किंवा ॲपच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल करून आपला नंबर व खरेदीच्या नोंदी काढून टाकण्याची मागणी करता येते. ईमेलमध्ये नोंदवलेला नंबर, शेवटच्या खरेदीची तारीख आणि उत्तराची अपेक्षित मुदत स्पष्ट लिहावी, आणि त्याची प्रत जपून ठेवावी.