जखमी वीराची शेवटची झुंज: सजीव देखाव्यात ती खरी कशी वाटेल

गणेशोत्सवात काल्पनिक दुनियेतला देखावा करायचं ठरलं की मंडळाचा पहिला पैसा धुराच्या मशिनवर जातो आणि गोष्टीचा विचार सगळ्यात शेवटी होतो. हे उलटं करा. मांत्रिक, काळी शक्ती, एकटा उरलेला रक्तबंबाळ वीर एवढं सगळं रंगमंचावर असूनही लोक दोन मिनिटांत पुढच्या मंडळाकडे निघतात, कारण तो वीर कशासाठी थांबलाय हेच त्यांना कळलेलं नसतं.

कोल्हापूरकराला शेवटची झुंज म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. जुलै १६६० मध्ये बाजीप्रभू घोडखिंडीत उभे राहिले ते सिद्दीच्या फौजेचा पराभव करायला नव्हे, महाराज विशाळगडावर पोचेपर्यंत वाट अडवायला. तोफांचा आवाज झाला की काम झालं. आपल्या देखाव्यालाही असाच एक इशारा लागतो. वीर जिंकणार की मरणार हा प्रश्न कच्चा आहे. इशारा होईपर्यंत तो टिकणार का, हा प्रश्न बघणाऱ्याला जागेवर धरून ठेवतो.

गोष्टीचं घड्याळ

मागच्या भिंतीवर पाच दिवे लावा. गावातली माणसं खिंड ओलांडून पलीकडच्या डोंगरावर चाललीत आणि वर पोचल्यावर तिथे जाळ दिसणार, हे निवेदनात पहिल्याच मिनिटाला सांगून टाका. मांत्रिक एकेक दिवा विझवत येतो. पाचही विझले की खिंड त्याची. आता लहान पोरगंसुद्धा दिवे मोजायला लागतं.

देखावा अकरा ते बारा मिनिटांपेक्षा लांबवू नका. रस्त्यावर उभा राहून बघणारा त्याहून जास्त थांबत नाही. पहिला दिवा तिसऱ्या मिनिटाला विझवा, दुसरा पाचव्या, तिसरा सातव्या, चौथा साडेआठाव्या आणि पाचवा साडेनवाव्या मिनिटाला. मधलं अंतर कमी होत जाणं महत्त्वाचं. सारख्या अंतराने दिवे विझले तर तिसऱ्या दिव्यानंतर लोक मोबाईल काढतात. पाचवा विझल्यावर पूर्ण अंधार करा, मनात चार आकडे मोजा, आणि मग डोंगरावरचा जाळ दाखवा. ध्वनिफीत चालवणारा आणि दिव्यांच्या बटणांवरचा माणूस वेगवेगळे ठेवा. एकाच्या हातात दोन्ही दिलं की चौथ्या-पाचव्या प्रयोगाला चूक ठरलेली.

काळ्या जादूलाही किंमत असली पाहिजे. मांत्रिक फुकटात सगळं करू शकत असेल तर त्याने वीराला पहिल्याच मिनिटाला का मारलं नाही, याला उत्तर राहत नाही. दर दिव्यामागे त्याचा हात थोडा थोडा काळा पडत जातो, असं ठेवा. करायला सोपं आहे: हात कोपरापर्यंत आधीच काळा रंगवायचा, बाहीला आतून पाच ठिकाणी टिचबटणं लावायची आणि दर दिव्याला पाठ फिरवून एक बटण सोडायचं. पहिल्या दिव्याला नुसती बोटं दिसतात, शेवटच्याला अख्खा हात.

एक गोष्ट मात्र टाळाच. लिंबू, मिरची, टाचण्या टोचलेली बाहुली, केस मोकळे सोडलेली म्हातारी बाई हे काही वापरू नका. या वस्तूंच्या नावाने खऱ्या गावांत खऱ्या माणसांना छळलं गेलंय, आणि राज्यात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे तो त्याचसाठी. आपली दुनिया काल्पनिक आहे, तर जादूही आपणच नवी घडवावी. वीरालाही जिरेटोप, चंद्रकोर किंवा भगवा देऊ नका. नाहीतर लोक त्याला इतिहासातला माणूस समजतात आणि मग मांत्रिकाचं काय करायचं ते त्यांना कळत नाही. करडा अंगरखा, चामडी पट्टा, कपाळाला साधं फडकं पुरे.

खिंड

वीस बाय पंधरा फूट रंगमंच पुरतो. बांबूच्या सांगाड्यावर गोणपाट ताणून खिळवा. एक भाग फेविकॉल, तीन भाग पाणी आणि त्यात खडूची पावडर घालून धिरड्याच्या पिठाइतकं दाट होईपर्यंत कालवा आणि ब्रशने गोणपाटावर दोन हात द्या. पहिला हात पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा दिलात तर भाद्रपदातल्या दमट हवेत आतून बुरशी धरते. गोणपाट ओला असतानाच मागून मुठीने ढकलून फुगवटे काढा, त्याचेच पुढे खडक दिसतात. रंगाला खाली काव, वर काळपट राखाडी. विशाळगडाच्या वाटेवरचा जांभा बघितलेला माणूस हा रंग लगेच ओळखतो. थर्माकोलच्या नादी लागू नका. २०१८ पासून सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात बंदी आहे, आणि पेटला तर तो वितळून अंगावर गळतो.

खऱ्या मशाली कापडी मांडवात चालणार नाहीत. केशरी एलईडी, त्याच्या वर रेशमी कापडाच्या तीन-चार पट्ट्या आणि खाली कॉम्प्युटरमधला छोटा पंखा, एवढ्यावर चांगला जाळ होतो. डोंगरावरच्या इशाऱ्यालाही हेच वापरा, फक्त आकाराने लहान. लहान जाळ लांबचा वाटतो.

जखम आधी ठरवा, मग हाणामारी

बहुतेक देखावे इथेच पडतात. वीराला रक्त लावलेलं असतं, पण तो लढतो मात्र धडधाकट माणसासारखा. जखम म्हणजे शरीराला आता काय करता येत नाही ते. तीन जखमा ठरवा, त्याच क्रमाने द्या आणि प्रत्येक जखमेबरोबर त्याची एक हालचाल कायमची काढून घ्या.

पहिली डाव्या मांडीला. यानंतर त्याचा पवित्रा बदलता येत नाही. भार उजव्या पायावर, डाव्या पायाची फक्त बोटं टेकलेली. वळायचं झालं तर तो उजव्या टाचेवर अख्खा फिरतो. दिवसाचा सातवा प्रयोग करताना नट विसरतो आणि भलत्याच पायाने लंगडतो. त्यावर उपाय म्हणजे डाव्या गुडघ्याला क्रेप बँडेज आवळून बांधणे, म्हणजे गुडघा सहजी वाकत नाही. रक्त अडेल इतकं मात्र आवळू नका. पायाची बोटं थंड पडली किंवा मुंग्या आल्या तर लगेच सोडा.

दुसरी उजव्या हाताला, आणि इथे दांडपट्टा कामाला येतो. पट्ट्याचा खोबळा, म्हणजे मुठीवरचं लोखंडी आवरण, कोपरापर्यंत हात झाकतो, मूठ आत असते, त्यामुळे मनगट वळत नाही. वार खांद्यातून आणि कमरेतून येतो. तलवार पडते किंवा दुसऱ्या हातात घेता येते. पट्टा तसा चटकन सुटत नाही. हात जायबंदी झाला तरी पातं त्याच हाताला लटकत राहतं. वीर दातांनी खोबळ्याचा बंद सोडवतोय आणि समोर मांत्रिकाची सावल्यांची फौज पुढे सरकतेय, हे वीस सेकंद हलगी थांबवून करा. अख्ख्या देखाव्यात याहून जास्त काही लागत नाही. पट्टा खाली पडला की तो डाव्या हाताने मोडका भाला उचलतो.

तिसरी जखम बरगडीखाली. आता श्वास पुरत नाही, म्हणून ओरडणं बंद. शेवटच्या दीड मिनिटात वीराच्या तोंडी एकही संवाद ठेवू नका. बरगडीत घाव बसलेला माणूस भाषण करत नाही.

हत्यारं अ‍ॅल्युमिनियमच्या दोन ते तीन मिलिमीटर पट्टीची करा. कडा गोल घासलेल्या, टोक अर्धगोल. बोथट आहे म्हणून बेफिकीर राहू नका: पात्यावर पातं आपटलं की कडेला खाचा पडतात आणि त्या खाचांना धार येते. प्रत्येक प्रयोगानंतर कडेवरून जाड कापड फिरवा. जिथे अडकेल तिथे कानस मारा. पट्टा फिरवणारा पोरगा मर्दानी खेळाच्या आखाड्यात शिकलेलाच हवा, आणि बसवायलाही वस्तादच बोलवा. पट्टा फिरत असताना सात फुटांच्या आत कोणी येता कामा नये.

तालीम पाव वेगाने सुरू करा, मग अर्ध्या. प्रयोगातसुद्धा पाऊण वेगाच्या वर जाऊ नका. बघणाऱ्याला पाऊण वेगच स्पष्ट दिसतो, पूर्ण वेगात नुसती धांदल दिसते. वाराचा रोख अंगावर नको, खांद्याच्या बाहेर वीतभर. ज्याला लागायचंय त्याने आधी हलायचं, मारणाऱ्याने त्याच्या मागोमाग. आठ मात्रांचे तुकडे पाडा आणि हलगीवर बसवा. हलगी, घुमकं आणि कैताळ समोर बसलेले असतील तर नट चुकला तरी वाजवणारा सांभाळून घेतो. रेकॉर्ड केलेला ठेका कुणासाठी थांबत नाही.

सावल्यांच्या फौजेला चार पोरं पुरतात. पडद्यामागून फिरून तीच परत येतात. कपडे काळ्या सुती कापडाचे. पॉलिस्टर दिव्यात चकाकतं आणि सावलीचा माणूस होतो.

रक्त

बेकरीच्या सामानाच्या दुकानात लिक्विड ग्लुकोज मिळतं. पाव किलो ग्लुकोज, साठ मिली कोमट पाणी, खायचा लाल रंग आणि एक छोटा चमचा कोको पावडर. कोको आधी थोड्या पाण्यात कालवून घ्या, नाहीतर गुठळ्या राहतात. नुसत्या लाल रंगाचं रक्त सरबतासारखं दिसतं. कोकोने त्याला गडदपणा आणि अपारदर्शकपणा येतो. जुनी, साकळलेली जखम हवी तर पाणी निम्मं आणि कोको दुप्पट. कपड्यावर लावायच्या रक्तात भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब टाका, डाग सुटायला मदत होते. तोंडात धरायच्या रक्तात अर्थातच नाही, त्याची बाटली वेगळी आणि वर ठळक नाव घातलेली.

आळता वापरू नका, तो पातळ असतो आणि कातडीवर दिवसेंदिवस राहतो. कुंकू डोळ्यात जातं. ग्लुकोजचा तोटा एवढाच की ते वाळत नाही आणि माश्या-मुंग्या येतात, म्हणून दोन प्रयोगांच्या मध्ये ओल्या फडक्याने पुसून परत लावा.

उघडी जखम दाखवायला लिक्विड लॅटेक्स आणि टिश्यू पेपरचे तीन थर. आदल्या दिवशी मनगटाच्या आतल्या बाजूला ठिपका लावून बघा. काहींना लॅटेक्सने पुरळ उठतं. मांडीवरचे केस आधी काढा किंवा व्हॅसलिन लावा, नाहीतर काढताना खरीच जखम होईल. वार बसल्यावर रक्त यायला हवं तर पंधरा-वीस मिली रक्त भरलेली पातळ पिशवी अंगरख्याखाली चिकटवा आणि नटाने तिथे हात दाबून ती फोडावी.

उजेड आणि धूर

काळी जादू म्हटलं की सगळे हिरवा दिवा लावतात. हिरव्या उजेडात लाल रक्त काळं दिसतं, निळ्यातही तेच. एवढं कष्टाने केलेलं रक्त बघणाऱ्याला चिखल वाटतं. हिरवा फक्त मांत्रिकावर ठेवा, वीरावर मंद पिवळा. जखम बसते त्या क्षणी हिरवा पूर्ण बंद. ढालीवर किंवा खडकावर उमटणाऱ्या चिन्हांसाठी फ्लुरोसंट रंग आणि अल्ट्राव्हायोलेट ट्यूब वापरा. मात्र हे रंग साध्या उजेडातही भडक दिसतात, म्हणून ट्यूब लागेपर्यंत ती बाजू फिरवून ठेवा. चेहऱ्याला लावायचा रंग कातडीसाठीचाच हवा.

धुराचं मशीन तापायला काही मिनिटं घेतं, म्हणून गर्दी जमायच्या आधी चालू करा. त्याचं द्रव फळीवर बसून निसरडं होतं. वीर अनवाणी असेल तर बरं, चप्पल घालून तो हमखास घसरतो. दर प्रयोगानंतर फळी कोरडी पुसा.

जमिनीलगत सरपटणाऱ्या धुक्यासाठी काही जण ड्राय आइस आणतात. दिसतं सुंदर, पण तो उणे ७८ अंशांचा गोठलेला कार्बन डायॉक्साइड आहे. उघड्या हाताने धरला तर कातडी जळते, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवला तर डबा फुटतो. आणि मुख्य म्हणजे हा वायू हवेपेक्षा जड असल्याने खाली साचतो. शेवटी वीर जिथे आडवा पडतो, नेमकं तिथेच. तीन बाजूंनी बंद मांडवात हे करूच नका. करायचंच असेल तर वीराला पाडू नका. भाल्याला टेकून गुडघ्यावर ठेवा, म्हणजे तोंड धुक्याच्या बरंच वर राहतं. सोडायचं तेही पहिल्या सावलीच्या वेळी आणि थोडंच. रंगमंचाच्या पुढच्या कडेला हनुवटी टेकून बसणाऱ्या पोरांना चार फूट मागे सरकवा, कारण धुकं कडेवरून त्यांच्याच तोंडावर उतरतं.

सगळ्या वायरी डोक्याच्या वरून न्या, जोडणी अधिकृत तात्पुरत्या मीटरवरून घ्या आणि ईएलसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारं बटण) बसवून घ्या. भाद्रपदातली सर सांगून येत नाही.

एका संध्याकाळी दहा प्रयोग

वीराचे दोन संच ठेवा, आलटून पालटून. एकच पोरगा सलग पाच प्रयोगांनंतर दमतो, आणि दमलेला नट अभिनयात नव्हे तर अंतर मोजण्यात चुकतो. पट्टा कुणाच्या तरी डोळ्याजवळून जातो तो अशा वेळी. दोन्ही संचांत जखमा त्याच बाजूला आणि चालही तीच ठेवा, म्हणजे सावल्यांच्या पोरांना नव्याने शिकावं लागत नाही. दोन प्रयोगांत पंधरा मिनिटं सोडा: फळी पुसणं, पात्यांवरून कापड, रक्ताची नवी पिशवी, दिव्यांची बटणं परत चालू, मांत्रिकाची बाही बंद. या पाच कामांची पाच नावं कागदावर लिहून पडद्यामागे लावा. ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद करायचा असेल, तर शेवटचा प्रयोग साडेनऊलाच सुरू करा.