शाळा, सराव आणि अभ्यास एका आठवड्यात बसवताना

वेळापत्रक करायला बसलेला विद्यार्थी बहुतेक वेळा चुकीच्या टोकाने सुरुवात करतो. आधी विषयांची यादी, मग प्रत्येक विषयाला रोज एक तास, मग चार रंगांची पेनं. असं वेळापत्रक सोमवारी भिंतीवर लागतं आणि बुधवारपर्यंत मोडतं. त्यात आळसाचा वाटा आपल्याला वाटतो त्यापेक्षा बराच कमी असतो. विषयांची बेरीज झालेली असते, हातातल्या तासांची कुणी केलेलीच नसते. म्हणून आधी तास मोजू, विषयांकडे नंतर येऊ.

वजाबाकीपासून सुरुवात

आठवड्याचे तास १६८. कागद घ्या आणि वजा करत जा. झोप रोज ९ तास धरली तर ६३ गेले, उरले १०५. शाळा रोज ७ तास, पाच दिवस, म्हणजे ३५, उरले ७०. जाण्यायेण्याला रोज तासभर म्हणजे ५. आंघोळ, जेवणखाण, आवराआवर रोज अडीच तास, म्हणजे साडेसतरा. घरातली कामं रोज अर्धा तास, म्हणजे साडेतीन. खेळाचा सराव किंवा क्लास चार दिवस संध्याकाळी आणि शनिवारी, दर वेळी २ तास, म्हणजे १०. हिशेब संपला की ३४ तास उरतात.

चौतीस म्हणजे भरपूर, असं वाटतं. पण ते कुठे पडलेत ते बघा. यातले २२ तास शनिवार-रविवारचे आहेत. शाळेच्या पाच दिवसांत मिळून १२ तासच उरतात, आणि सरावाच्या दिवशी तर फक्त २. ‘रोज चार विषय, प्रत्येकी एक तास’ हे वेळापत्रक या गणितात बसूच शकत नव्हतं; ते पाळता आलं नाही म्हणून स्वतःवर चिडण्यात अर्थ नाही. शिवाय याच ३४ तासांतून मित्र, फोन आणि नुसतं पडून राहणंही भागवायचं असतं. अभ्यासासाठी त्यातले निम्मे, म्हणजे १७ तास धरा. तुमचे आकडे वेगळे येतील, पण वजाबाकी टाळू नका.

झोपेचे ९ तास बघून अनेकांचा हात तिथेच कात्री चालवायला जातो. १३ ते १८ वर्षं वयाला रोज ८ ते १० तास झोप हवी, अशी अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनची २०१६ सालची शिफारस आहे. त्यात या वयात शरीराचं घड्याळच पुढे सरकलेलं असतं, रात्री झोप उशिरा येते. शाळेची घंटा मात्र वाजायच्या वेळीच वाजते. रात्री दोन तास जागून केलेल्या अभ्यासाची किंमत दुसऱ्या दिवशी वर्गात पेंगून चुकवावी लागते आणि तेच धडे घरी पुन्हा वाचावे लागतात.

वजाबाकी अंदाजाने केलेली असते, तेव्हा ती तपासून घ्या. शाळेचे दोन दिवस आणि सुट्टीचा एक, असे तीन दिवस दर अर्ध्या तासाला काय केलं ते वहीत एका ओळीत लिहा. काय करायला हवं होतं ते नाही, काय झालं ते. बहुतेकांना भोक एकाच जागी सापडतं: शाळेतून आल्यावर ‘पाच मिनिटं’ म्हणून हातात घेतलेला फोन.

अंदाज दीडपट करा

माणूस स्वतःच्या कामाला लागणारा वेळ कमी धरतो. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्व्हर्स्की यांनी १९७९ मध्ये या खोडीला ‘प्लॅनिंग फॅलसी’ असं नावही दिलं. पुढे १९९४ मध्ये विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना त्यांचा प्रबंध किती दिवसांत होईल असं विचारलं गेलं. सरासरी अंदाज सुमारे ३४ दिवसांचा होता, प्रत्यक्षात लागले सुमारे ५५. म्हणजे दीडपटीपेक्षा थोडं जास्तच.

तर जो आकडा मनात येईल त्याला दीडने गुणा. मग दोन आठवडे गृहपाठाच्या वहीच्या कडेला दोन आकडे लिहीत चला, सुरू करताना अंदाज आणि संपल्यावर खरा वेळ. वीस गणितांना ४० मिनिटं धरली आणि ७० लागली, तर गणितासाठी तुमचा गुणक पावणेदोन. भाषेचा कदाचित सव्वाच निघेल. विषयागणिक हे आकडे हाती आले की अंदाज पुष्कळ खरे येतात.

मोठ्या कामांत ही खोडी सगळ्यात जास्त नडते, कारण ‘प्रोजेक्ट करणे’ असं वहीत लिहिलेलं काम सुरूच करता येत नाही. त्याचं पहिलं पाऊल काय, तेच त्यात नसतं. समजा १४ दिवसांनी एक अहवाल द्यायचा आहे. त्याचे तुकडे असे पडतील: विषय पक्का करून शिक्षकांना विचारणं २० मिनिटं, माहिती शोधून टिपणं काढणं ९०, मुद्द्यांचा क्रम लावणं ३०, कच्चं लेखन १२०, आकृत्या आणि तक्ते ६०, दुरुस्त्या ४५, छपाई आणि मुखपृष्ठ ३०. बेरीज ३९५ मिनिटं. दीडपट केली तर जवळजवळ १० तास. दोन शाळकरी संध्याकाळींत हे बसणार नाही, हे आत्ताच कळलं ते बरं झालं.

आता तारखा उलट्या मोजा. काम बाराव्या दिवशी संपलं पाहिजे, चौदाव्या नाही. शाई ऐनवेळी संपते, फाइल उघडत नाही, गटातला एक जण आजारी पडतो. शेवटचे दोन दिवस त्यासाठी आहेत. कच्चं लेखन आणि दुरुस्त्या यांच्यात एक दिवस मोकळा सोडा, कारण ताज्या लिखाणातल्या चुका लिहिणाऱ्याला दिसत नाहीत. कच्चं लेखन शनिवारी टाका. १२० मिनिटांचं काम दीडपट धरलं की तीन तासांचं होतं, ते शाळा आणि सराव दोन्ही असलेल्या दिवशी मावत नाही.

सरावाच्या दिवशीची संध्याकाळ

घरी पोचायला साडेसहा वाजले, असं धरू. सातपर्यंत हातपाय धुणं, थोडं खाणं. ७:०० ते ७:४५ डोकं खाणारं काम: न जमलेलं गणित, नवा धडा. दहा मिनिटं उठून फिरा. ७:५५ ते ८:३५ लिहायचा गृहपाठ. मग जेवण. ९:०५ ते ९:३० उजळणी. त्यानंतर दप्तर भरा, दहाला दिवा बंद. दोन तास इथे संपले.

अवघड काम आधी, कारण साडेनऊनंतर उरलेल्या ताकदीत फक्त नक्कल उतरवता येते. टेबलाशी बसवतच नसेल, तर पाच मिनिटांचं एखादं सोपं काम आधी उरका आणि लगेच अवघडाकडे वळा. दुसरं सोपं हातात घेऊ नका.

२५ मिनिटं काम आणि ५ मिनिटं विश्रांती ही फ्रान्चेस्को चिरिलो यांची पद्धत प्रसिद्ध आहे. त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टोमॅटोच्या आकाराच्या गजरावरून तिचं नाव ‘पोमोडोरो’ (इटालियनमध्ये टोमॅटो) पडलं. शब्दार्थ, व्याख्या, सनावळ्या यांना ती छान लागते. पण लांबलचक गणित अर्ध्यावर असताना किंवा निबंध नुकता रंगात आला असताना घंटी वाजली की तार तुटते. तिथे ४५ मिनिटांची बैठक बरी. सुट्टीच्या दहा मिनिटांत मात्र फोन नको. पाण्याचा पेला संपतो, जिन्यावरची चक्कर संपते. व्हिडिओ संपत नाहीत.

फोन उलटा करून टेबलावर ठेवणं पुरत नाही, दुसऱ्या खोलीत ठेवा. ‘गृहपाठ वर्गाच्या ग्रुपवर येतो’ ही अडचण खरी आहे. तिच्यावर उपाय असा: सातला एकदाच ग्रुप उघडा, काय दिलंय ते वहीत उतरवा, फोन आत ठेवा. वेळ बघायला हातात किंवा भिंतीवर घड्याळ असू द्या. किती वाजले म्हणून उचललेला फोन सहसा लगेच खाली ठेवला जात नाही.

उजळणी थोडी, पण पुन्हापुन्हा

शिकलेलं सुरुवातीला झपाट्याने विसरतं आणि मग विसरण्याचा वेग मंदावतो, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच मोजून दाखवलं होतं. म्हणून एका धड्याला एकदम एक तास देण्याऐवजी शिकवल्याच्या दुसऱ्या दिवशी १० मिनिटं, त्यानंतर तीन-चार दिवसांनी १०, आठवड्याने पुन्हा १०, असं वाटून द्या. वेळ निम्मा लागतो आणि धडा टिकतो.

ही दहा मिनिटं वाचत बसण्यात घालवू नका. वही मिटा, कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहा, मग वही उघडून राहिलेलं दुसऱ्या रंगात भरा. पुढच्या वेळी त्या दुसऱ्या रंगाकडेच बघायचं. पिवळ्या पेनाने रंगवलेलं पान पुन्हा वाचताना सगळं येतंय असं वाटतं, कारण ओळी ओळखीच्या झालेल्या असतात. ओळखणं आणि आठवणं यात केवढी तफावत आहे, ते चाचणीच्या दिवशी कळतं. बसमधली पंधरा मिनिटं, सराव सुरू होण्याआधीची वीस मिनिटं अशा तुटक वेळेत हेच करा. नवा धडा तिथे कधीच होत नाही.

रविवारची वीस मिनिटं

रविवारी संध्याकाळी येत्या आठवड्याच्या सगळ्या चाचण्या आणि द्यायच्या तारखा एका पानावर आणा. तीन वह्यांत, ग्रुपवर आणि डोक्यात विखुरलेल्या तारखाच हुकतात. मग कामं दिवसांवर टाका, पण उपलब्ध वेळेतला पाव भाग कोरा ठेवा. ताप येतो, पाहुणे येतात, सामना लांबतो.

एखादी संध्याकाळ बुडाली तर तिचं सगळं काम दुसऱ्या दिवसावर ढकलू नका. तोही दिवस बुडतो आणि आठवड्याचा नाद सुटतो. राहिलेल्यातली दोन कामं निवडून कोऱ्या जागेत घाला. बाकीची रविवारच्या पानावर लिहून ठेवा.

दोन मोठी कामं एकाच दिवशी आली आणि वजाबाकी जमेना, तर शिक्षकांशी तीन-चार दिवस आधी बोला, वही घेऊन: ‘सर, गुरुवारी दोन चाचण्या आहेत, अहवालाचं कच्चं लेखन झालंय, दुरुस्त्यांना शनिवारपर्यंत वेळ मिळेल का?’ झालेलं काम समोर असलं की होकार मिळण्याची शक्यता बरीच वाढते. हीच विनंती गुरुवारी सकाळी केली, तर ती सबब ठरते.