‘ऑय’ हा शब्द वापरताना या चुका टाळा

पंक या बंडखोर रॉक संगीतावर मराठीत लिहिताना किंवा ब्रिटिश चित्रपटांचे संवाद भाषांतरित करताना ‘ऑय’ (Oi) हा एवढासा शब्द भल्याभल्यांना चकवतो. पहिली गफलत लेखनातच होते. ‘ओय’ असे लिहिले की वाचकाच्या कानात पंजाबी ‘ओये’ घुमू लागते. यिडिश भाषेतला, ‘अरे देवा’ अशा हळहळीचा ‘ऑय’ उच्चाराने जवळचा असला तरी तोही वेगळाच. पंकमधला ‘ऑय’ ही लंडनच्या ईस्ट एंडमधल्या कामगार वस्त्यांतली हाक आहे आणि तिच्यात थोडी गुर्मी असते. त्यामुळे तिच्या जागी ‘अहो’ किंवा ‘ऐकलंत का’ घातले की पात्र एकदम सभ्य होऊन बसते, तिथे ‘ए!’ किंवा ‘अरे ए!’ हेच शोभते.

दुसरी चूक म्हणजे प्रत्येक ब्रिटिश पंक बँडला ‘ऑय बँड’ म्हणणे. कॉकनी रिजेक्ट्स या बँडचा गायक स्टिंकी टर्नर गाणे सुरू करताना ‘एक, दोन, तीन, चार’ मोजण्याऐवजी ‘ऑय! ऑय! ऑय!’ असे ओरडत असे. ‘साउंड्स’ या साप्ताहिकाचे पत्रकार गॅरी बुशेल यांनी 1980 मध्ये तीच आरोळी उचलून कामगारवर्गीय पंकच्या या नव्या लाटेला नाव दिले. त्याआधीच गाजलेल्या सेक्स पिस्टल्स किंवा द क्लॅश यांना हे लेबल लावणे म्हणूनच कालक्रमालाही धरून नाही.

सर्वांत महागात पडणारी चूक तिसरी: ‘ऑय’ म्हणजे नाझी संगीत, असे सरसकट समीकरण. ते कुठून आले, हे समजून घ्यायला हवे. 3 जुलै 1981 रोजी लंडनच्या साउथॉल या आशियाई, मुख्यतः पंजाबी वस्तीच्या भागात, हॅम्ब्रो टॅव्हर्न नावाच्या पबमध्ये द बिझनेस, द लास्ट रिसॉर्ट आणि द फोर-स्किन्स या ऑय बँडचा कार्यक्रम होता. याच साउथॉलमध्ये 1976 साली गुरदीप सिंग चग्गर या तरुणाचा खून झाला होता. बाहेरून आलेल्या स्किनहेडपैकी (डोके भादरलेल्या कामगारवर्गीय तरुणांपैकी) काहींनी दुकानांच्या काचा फोडल्या, तेव्हा जुन्या जखमा उघड्या पडल्या आणि संतापलेल्या स्थानिक तरुणांच्या हल्ल्यात पब जळून खाक झाला. त्यातच त्याच वर्षीच्या एका ऑय गाण्यांच्या संग्रहाचे नाव नाझी संघटनेच्या नावाची आठवण करून देणारे होते आणि मुखपृष्ठावर अतिउजव्या ‘ब्रिटिश मूव्हमेंट’चा कार्यकर्ता झळकला होता. बदनामी आकाशातून पडलेली नव्हती, हे मान्य करावेच लागते. परंतु त्याच ऑयमध्ये फॅसिझमविरुद्ध उघडपणे उभा राहिलेला एंजलिक अपस्टार्ट्स हा बँडही होता. आणि उघड वंशद्वेषी स्क्रूड्रायव्हर हा बँड ज्या प्रवाहात वाढला, त्याला ‘रॉक अगेन्स्ट कम्युनिझम’ असे स्वतंत्र नाव आहे. लेखात तेच वापरावे.

क्रिकेटच्या मैदानावरच्या ‘ऑसी, ऑसी, ऑसी, ऑय, ऑय, ऑय’ या घोषणेत मात्र पंक शोधत बसू नये.