शेअरच्या यादीतून एखाद्याचं नाव काढलं तरी त्याला फाइल दिसते कशी? ड्राइव्ह शेअर करताना या चुका टाळा

गूगल ड्राइव्हवर वरचं फोल्डर ज्याला शेअर केलंय, त्याला आतलं सगळं दिसतं. आज आत असलेलं, आणि उद्या टाकाल तेही. परवानगी फाइलला चिकटलेली असते असं समजून लोक वर्षानुवर्षं काम करतात. प्रत्यक्षात बरीचशी परवानगी फाइल कुठे ठेवली आहे त्यावरून ठरते.

पुण्यातल्या एका सोसायटीचं उदाहरण घ्या. सभासदांसाठी एक फोल्डर होतं: सभांची इतिवृत्तं, हिशेब, लिफ्टच्या देखभालीचा करार. ‘लिंक असलेला कोणीही’ पाहू शकेल असं ठेवलेलं, आणि लिंक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. भाडेकरूंचे करार आणि आधार-पॅनच्या प्रती सेक्रेटरींच्या ड्राइव्हमध्ये वेगळ्या फोल्डरात, कोणालाही शेअर न केलेल्या. इथपर्यंत सगळं छान. मग एका रविवारी सेक्रेटरी काकांना आवराआवरीची हुक्की आली आणि त्यांनी भाडेकरूंचं फोल्डर उचलून सभासदांच्या फोल्डरात टाकलं. फाइल हलवताना ड्राइव्ह इशारा देतो, पण ती खिडकी वाचतो कोण? सगळे ‘ओके’ दाबून मोकळे.

एका भाडेकरूला स्वतःचं आधार कार्ड ग्रुपवरच्या लिंकमधून उघडताना दिसलं, तेव्हा बोंब झाली. पुढची गंमत अशी की कमिटी प्रत्येक पीडीएफ उघडून ‘कोणाला शेअर झालंय’ ते शोधत बसली. नाव सापडणार कुठून? गच्ची गळतेय आणि हे खालच्या मजल्यावर ओल आलेली भिंत रंगवत होते. भाडेकरूंचं फोल्डर परत बाहेर काढलं आणि क्षणात प्रश्न मिटला. ज्यांनी प्रती आधीच डाउनलोड केल्या असतील, त्यांचं मात्र काही करता येत नाही.

म्हणून माझी सवय: सर्वांत वरचे फोल्डर विषयाप्रमाणे करायचेच नाहीत, कोणी बघायचं त्याप्रमाणे करायचे. ‘सर्व सभासद’, ‘फक्त कमिटी’, ‘फक्त सेक्रेटरी-खजिनदार’. तिन्ही शेजारी-शेजारी, एकाच्या पोटात दुसरं नाही. आतल्या एखाद्या फोल्डरवर मर्यादित प्रवेश लावायची सोय आता आहे, पण कमिटी बदलली की ते कुलूप कुठे लावलंय हे कोणाच्या लक्षात राहत नाही.

ऑफिसांत फाइल्स शेअर करायला वापरतात त्या मायक्रोसॉफ्टच्या शेअरपॉइंटमध्ये वरून येणारी परवानगी तोडायचं बटण फार पूर्वीपासून आहे. नवशिक्यांना ते फार आवडतं. दाबलं की त्या वेळच्या परवानग्या तशाच राहतात, पुढे वर नवीन माणूस जोडला तरी तो खाली पोचत नाही. मग सहा महिन्यांनी ‘नव्या माणसाला फोल्डर दिसत नाही’ म्हणून तक्रार, आणि बटण दाबणारा तोवर नोकरी सोडून गेलेला.

पुन्हा ड्राइव्हकडे: घाईत सगळ्यांना एडिटर, म्हणजे फाइल बदलू शकणारा, करू नका. एडिटर इतरांनाही आत घेऊ शकतो. ते बंद करायचं सेटिंग शेअरच्या खिडकीत गिअरच्या चिन्हामागे आहे. अ‍ॅक्सेस मागणारी मेल आली की मोबाइलवरून डोळे झाकून मंजूर करू नका. आणि दुसऱ्याची फाइल फोल्डरमधून काढली म्हणजे ती डिलीट झाली असंही समजू नका, ती तिच्या मालकाकडे असते.

मालक म्हटलं की माझी दुसरी दुखरी नस. शेअर केलेल्या फोल्डरात ज्याने फाइल टाकली, साधारणपणे तोच तिचा मालक, फोल्डर कोणाचंही असो. जागाही त्याच्याच खात्यावरच्या फुकट १५ जीबीमधून जाते. एका संस्थेच्या खजिनदारांनी सगळी व्हाउचर स्वतःच्या जीमेलमधून स्कॅन करून टाकली होती. पद सोडल्यावर ड्राइव्ह भरला म्हणून त्यांनी जुन्या फाइल्स उडवल्या. त्यांच्या दृष्टीने ते घरचा पसारा आवरत होते. ट्रॅशमध्ये ३० दिवस फाइल राहते. संस्थेला ऑडिटच्या वेळी जाग आली, तोवर मुदत उलटून गेली होती. याला इलाज दोनच. पैसे भरून वर्कस्पेस (गूगलची संस्थांसाठीची सेवा) घेत असाल आणि त्यात शेअर्ड ड्राइव्ह मिळत असेल तर तो वापरा, तिथे फाइल संस्थेच्या मालकीची असते. नसेल तर संस्थेच्या नावाचं एकच जीमेल खातं काढा आणि अपलोड तिथूनच करा. ते खातं अधूनमधून वापरात ठेवा, कारण २ वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं गूगल काढून टाकू शकतं. माणूस पद सोडतो त्या दिवशी पासवर्ड बदला. निरोप समारंभानंतर नको, आधी.

लिंक ग्रुपवर टाकण्यापूर्वी ती इनकॉग्निटो खिडकीत उघडून बघा. लॉगिन न करता जे दिसेल, ते लिंक हाती लागलेल्या कोणालाही दिसणार आहे. अर्धा मिनिट लागतो, आणि तेवढाही वेळ नसलेल्यांचेच फोन मला रात्री साडेदहाला येतात.